पडणं शिकवणारे इवाई

माझ्या सुनेचे वडील हे साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातले सगळ्यात हट्टी गृहस्थ आहेत. हे मी सांगतो आहे म्हणजे त्याला वजन आहे, कारण आमच्या गावात कोणालाही विचारलं तर तो हा मान मलाच देईल. मी चौथीत शाळा सोडली ती गुरुजींशी एका गणितावरून पटलं नाही म्हणून, आणि ते गणित माझंच बरोबर होतं असं मी आजही म्हणतो. पण माझा हट्ट बसून राहणारा आहे, त्यांचा चालता. एखादी गोष्ट मनात आली की ते सायकल घेऊन तुमच्या दारात येतात, ओट्यावर टेकतात आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत उठत नाहीत. हो म्हटल्यावरही उठत नाहीत, कारण मग तुम्ही हो म्हटलं ते कसं शहाणपणाचं झालं हे तुम्हाला समजावून सांगायचं राहिलेलं असतं.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई म्हणजे जपून वागायचं नातं. त्याच्याशी बोलताना आवाज खाली, त्याच्यापुढे पाय पसरायचे नाहीत, आणि त्यातून तो मुलीकडचा असला तर त्यानं जरा दबूनच असावं अशी आमच्या बापजाद्यांची रीत. ही रीत आमच्या इवायांना कोणी सांगितली नसावी. लग्नाच्या मांडवात व्याहीभेट होते तेव्हा दोघे बाप एकमेकांच्या खांद्यावर दुपट्टा टाकतात आणि गळाभेट घेतात, एवढंच असतं. यांनी मला कमरेत धरलं आणि उचललं. गळ्यात हार, कपाळावर कुंकू, डोक्यावर नवी टोपी, असा मी साऱ्या वऱ्हाडासमोर जमीन सोडून हातभर वर गेलो. बँडवाले वाजवायचे थांबले. खाली ठेवल्यावर त्यांनी माझ्या पोटऱ्यांकडे पाहिलं आणि माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, "कंबर चांगली हाय जी यायची. येळेवर आखाड्यात आले असते तं कामाचे होते." मी वरबाप होतो. वरबापाला कामाचा नाही म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही.

ते मूळचे राजुऱ्याकडचे. कोळशाच्या खाणीत त्यांची नोकरी झाली आणि तरुणपणी पोळ्याच्या पाडव्याला जिथं जिथं दंगल असेल तिथं तिथं त्यांनी कुस्त्या धरल्या. आमचा हा मूल तालुक्याकडचा भाग धानाचा, त्यांचा कापसाचा. भाताबद्दल त्यांचं मत वाईट. म्हणायचे, भातानं पोट भरते, माणूस भरत नाई. पण मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही ही जुनी रीत मात्र त्यांनी कडक पाळली, कारण ती त्यांना आवडली होती. लग्नानंतर येत तेव्हा भिजवलेले चणे फडक्यात बांधून आणत आणि आमच्याच ओट्यावर बसून, रस्त्यावरच्या साऱ्यांना दिसेल असे, एक-एक करून चावत. गावात बोलणं झालं की यांच्या घरी व्याह्याला जेवू घालत नाहीत. मग नात झाली, मैना. बारशाला ते आले तेव्हा बाळाचं तोंड पाहायच्या आधी त्यांनी पाय पाहिले, मनगट पाहिलं, मानेमागे बोट लावून पाहिलं. मग जेवायला बसले. तो भात आणि ते वरण माझ्या बायकोनं पुढे कितीतरी दिवस आठवून सांगितलं. भाताबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही, पण तिसऱ्यांदा मागितला.

लेकरू दिसलं की त्याला असं चाचपून पाहायची त्यांना सवयच आहे. लग्न असो, वास्तू असो, कोणाची तेरवी असो. एकदा तेरवीच्या पंगतीत, मेलेल्या माणसाच्या नातवाचे खांदे दाबून ते त्याच्या बापाला सांगत होते की पोरगा चांगला आहे, याले घरात ठेवू नका. तो बाप डोळे पुसत होता. त्याला वाटलं, हे सांत्वन करून राह्यले. तो मान हलवत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई त्या पोराला न्यायला दारात हजर.

नोकरी संपली, आमच्या विहीणबाई वारल्या, तेव्हा ते मूलला आले. मुलीच्या घरी राहणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं, मीही आग्रह केला नाही. राइस मिलच्या मागं एक खोली घेतली आणि आमच्या गावात आखाडा काढायचा असं ठरवलं. ठरवलं त्यांनी एकट्यानं. जागा म्हणून ग्रामपंचायतीकडून काय मिळवलं, तर बोडीच्या पाळीजवळचा, म्हणजे गावतळ्याच्या बांधाजवळचा, जुना कोंडवाडा. दुसऱ्याच्या धानात घुसलेली ढोरं पूर्वी तिथं कोंडायचे. भिंती शाबूत होत्या, बाकी सारं गवत. त्यांनी एकट्यानं ते गवत काढलं, आतली जमीन खणली, तांबडी माती टाकली, चाळली, त्यात हळद, तेल, कडुलिंबाचा पाला घातला आणि ताकासाठी लोटा घेऊन घरोघर फिरले. ताक द्यायला कोणी नाही म्हणालं नाही. पोरं द्यायला सारे नाही म्हणाले. गावाला हसायला एक जागा झाली. एखादा पोरगा दिसला नाही की पानठेल्यावर विचारत, काऊन गा, तुझा पोरगा कोंडवाड्यात धरला का?

यानं ते खचले नाहीत. कुस्तीनं लेकराचं काय भलं होतं हे सांगायला ते कुठंही उभे राहत. मूलच्या बाजारात भाजीच्या दुकानासमोर, रेशनच्या रांगेत, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी. त्यांचं सांगणं मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या ओट्यावर बसून ते पहिल्यांदा माझ्यावर म्हणून पाहत. "पाहा भाऊ, कुस्तीतलं पोरगं रातच्याले मोबाईल नाई मागत, काऊन का त्याचे डोयेच उघडे राहत नाई. जेवणात नखरे नाई करत. चार लोकाईत मान वर करून बोलते. आन् रागात कोणाच्या अंगावर हात नाई टाकत, काऊन का त्याले मालूम राह्यते हात टाकला तं काय होते." आईबापांनी पहिलवान होईल का विचारलं तर ते सरळ म्हणत, नाही होणार, शंभरात एखादा होते, मी काही पहिलवान बनवायचा कारखाना नाही काढला. हे ऐकून अर्धे लोक निघून जात. मी सांगितलं, इवाई, थोडं खोटं बोलायला शिका. ते म्हणाले की खोटं बोलून आणलेलं पोरगं पहिल्याच दिवशी माती तोंडात गेली की पळते.

त्याच वर्षी मोहाच्या दिवसांत शेजारच्या गावची एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं तिला नेलं. आमच्या भागात हे होतं. लोक रडतात, वनखात्याची माणसं येतात, काही दिवस कोणी जंगलात जात नाही, मग पोटासाठी पुन्हा जातात. पण ती बाई आमच्या मैनेच्या वर्गातल्या पोरीची आई होती, आणि मैनेनं त्या बाईची झाडाखाली राहिलेली टोपली पाहिली. तेव्हापासून ती माझ्या बोटाला लागली. संडासला जायचं तरी आबा, पाणी भरायला आबा. पाचवीपासून शाळा दुसऱ्या गावी आहे, एसटी फाट्यावरून मिळते आणि फाट्यापर्यंतचा रस्ता एका ठिकाणी सागाच्या जंगलातून वळतो. मी रोज तिला न्यायचो, आणायचो. मी ताप-खोकल्यालाही सुट्टी घेतली नाही, कारण मी नसलो तर ती शाळेतच जायची नाही. वर्गात बोलणं तिनं बंद केलं. घरात भांडं पडलं तरी दचकायची. डॉक्टरला दाखवलं, पुजाऱ्यानं धागा बांधला, माझ्या पोराचं म्हणणं होईल हळूहळू बरं. रात्री पोरीला थोपटताना सुनेचा हात थांबत नसे.

इवाई म्हणाले, माझ्याकडे द्या. मी नाही म्हटलं. पोरीची जात, माणसांसमोर मातीत लोळणार, आणि हरली म्हणजे? आमच्या घराण्याची पाठ कोणी जमिनीला लावलेली नाही. ते म्हणाले, लावलेली नाई का कोणी लावून पाह्यलीच नाई? मी उठून घरात गेलो. ते ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी मी पुन्हा बाहेर आलो तेव्हाही होते.

मग धानाची रोवणी आटोपल्यावर एका रविवारी त्यांनी पालकांची सभा बोलावली. लोक आले ते तमाशा पाहायला. मी माझी खुर्ची घरून नेली, कारण मातीत बसायची मला सवय नाही, आणि मैना माझ्या खुर्चीचा मागचा दांडा धरून उभी. बाया भिंतीशी बसल्या होत्या, रोवणीनं पायाच्या भेगांत अजून चिखल. इवायांनी भाषण केलं नाही. पोरांना कसं उभं करतो ते दाखवतो म्हणाले आणि बायांकडे वळून सांगितलं की गुडघे मोडून, पाठ सरळ, हात पुढे, जसं तुम्ही बांधीतल्या चिखलात धानाचे परे, रोपं लावता तसं. तेच कुस्तीतलं उभं राहणं. एक बाई म्हणाली, "हे तं आमी रोज दिवसभर करतो, भाऊ. आमाले नाई कोणी बक्षीस देत." सारे हसले. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच तुमच्या पोरी लवकर शिकतीन, बाई. त्यायनं पाळण्यातून पाह्यलं हाय."

चहाचा टपरीवाला पुढे बसला होता. त्याचा पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून असतो. त्यानं विचारलं, हातपाय मोडला तं? इवाई म्हणाले, पहिला महिना मी पाडणं शिकवत नाई, पडणं शिकवतो. टपरीवाल्याला वाटलं त्यांची जीभ घसरली. पडणं काय शिकवायचं, ते तं सारेच पडतात. "मंग पडून दाखवा," इवाई म्हणाले. कोणी उठेना. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि भिंतीवरच्या पालीकडे पाहत बसलो. शेवटी टपरीवालाच उठला आणि धानाचं पोतं गाडीवरून पडावं तसा पडला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, आणि ते सगळ्यांच्याच मनात असावं, "वाघ आला तं कोणता डाव टाकायचा, भाऊ?" पुन्हा हसणं झालं. इवाई हसू संपेपर्यंत थांबले. म्हणाले, "वाघ आला तं पळायचं. जमलं तं झाडावर चढायचं. कुस्ती वाघासाठी नाई. वाघ नसते तवा जे भेव लागते ना, त्याच्यासाठी हाय."  मी मागे पाहिलं नाही, पण खुर्चीचा दांडा धरलेला तो हात मला कळत होता.

मग ते स्वतः पडले. एवढं वय, एक गुडघा खाणीतच गेलेला. हनुवटी छातीला लावली, अंग गोल केलं आणि मागच्या मागं गेले. तळहात मातीवर असा आपटला की पाळीवरचे बगळे उडाले, आणि दुसऱ्या क्षणाला ते उभे. धोतराला तांबडी माती, मिशीला तांबडी माती, तोंडावर काही झालंच नाही असा भाव. आणि माझ्या खुर्चीमागून हसू आलं. मोठ्यानं, पोट धरून. मोहाच्या दिवसांपासून ते हसू आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. सून भिंतीशी बसली होती, तिनं पदर तोंडात धरला. मैना म्हणाली, "नानाजी, तो आवाज कसा काढला?" आणि दांडा सोडून सरळ मातीत उतरली. पुढं लोक सांगत राहिले की आबानं मोठ्या मनानं नातीला परवानगी दिली. मी परवानगी दिली नाही. मला कोणी विचारलंच नाही.

त्या दिवसानंतर हळूहळू पोरं आली. टपरीवाल्याचा पोरगा आला, जंगलाकडच्या पाड्यावरची भावंडं चालत येऊ लागली, आणि इवायांनी त्यांना महिनाभर नुसतं पडायला लावलं. मैना घरी येऊन ओसरीत पडायची, खाटेवरून पडायची, पायरीवरून पडायची, आणि प्रत्येक वेळी हात आपटून उठायची. माझी बायको म्हणाली की आपल्या घरी आता भांडी नाही पडत, पोरगी पडते. तिची भूक वाढली. रात्री सून थोपटायला बसायची तोवर ती झोपलेली असायची. बोट मात्र तिनं सोडलं नव्हतं. फाट्यापर्यंत अजूनही मीच होतो, फक्त आता ती वाटेत मला डाव समजावून सांगायची आणि मी ऐकत नसल्यासारखा ऐकायचो.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला गावात दंगल झाली. पोरींची एक जोड लावली होती. मैनेसमोर मूलची एक पोरगी, वयानं तेवढीच, अंगानं भरलेली. मी पहिल्या रांगेत खुर्ची टाकली. तिनं सुरुवात चांगली केली, खाली घुसली, पाय धरला. मला वाटलं झालं, आणि पुढच्या क्षणाला आकाशाकडे तोंड करून मैनाच पडली होती. दोन्ही खांदे मातीला. साऱ्या गावासमोर आमच्या घराची पाठ लागली. मी खुर्ची उचलली आणि घरी आलो.

थोड्या वेळानं इवाई आले, मैनेला सायकलवर डबलसीट घेऊन. त्यांच्या हातात गूळ-फुटाण्याची पुडी होती आणि वाटेत ज्याला त्याला ते वाटत आले होते. मला एवढा राग आला की मी इवायाशी बोलायची रीत विसरलो. विचारलं, हरल्यावर वाटते काय कोणी? ते ओट्यावर टेकले, गुडघा सरळ केला आणि मूठभर फुटाणे माझ्यापुढं धरले.

"पोरगी पडली, उठली, त्या पोरीले हात देला, आन् मंग बाहेर आली," ते म्हणाले. "तुमी तं तिच्या आदीच उठून घरी आले, इवाई."

मी फुटाणे घेतले नाहीत. त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ते मात्र दोन्ही दिवस आले आणि माझ्याशी व्यवस्थित बोलत राहिले. मी उत्तर देत नाही याचा त्यांना काही त्रास दिसला नाही.

पोळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या सकाळी मी नेहमीसारखा काठी घेऊन निघालो. इवाईही आले होते, सायकल हातात घेऊन. दारात कोंडवाड्याची पोरं उभी होती, टपरीवाल्याचा पोरगा, पाड्यावरची भावंडं. मैना म्हणाली की आज ती त्यांच्यासंगं जाते. मी म्हटलं, जा, आम्ही आपलं सहज मागं येतो.  पोरं पुढं मोठमोठ्यानं बोलत, एकमेकांना ढकलत चालली होती, आणि आम्ही दोघं म्हातारे मागं, दिसणार नाही असं समजून. सागाच्या वळणावर मी तिच्याकडे पाहत होतो. तिथं ती नेहमी बोट दाबायची. त्या दिवशी ती तिथून बोलत बोलतच निघून गेली. मला वाटतं, वळण आलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

फाट्यावर एसटी आली. पायरीवर चढताना ती वळली. "आबा, नानाजी, तुमी आता घरी जा. उद्या नका येऊ," ती म्हणाली. "उगाच तुमाले चालणं होते." आणि आत गेली. खिडकीतून हात दिसला, तो आम्हाला होता की फाट्यावरच्या दुसऱ्या कोणाला, ते सांगता येत नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही आम्ही उभे होतो. इवाई बोलले नाहीत, आणि इवाई बोलत नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यांनी सायकलच्या घंटीवर उगाच बोट फिरवलं. म्हणाले, "आपण हे याच्यासाठीच केलं ना, इवाई?"

"तुमी केलं," मी म्हणालो. "मी काई नाई केलं."

मग परत निघालो. ऊन अजून वर आलं नव्हतं. सागाच्या वळणाशी आलो तेव्हा रस्ता पुढं रिकामा, मागं रिकामा, आणि झाडांत काहीतरी वाळकं वाजलं. एवढी वर्षं त्या रस्त्यानं मी गेलो, पोरगी बोटाला असताना तर रोज गेलो, आणि मला तिथं कधी भेव वाटलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं. मी मोठ्यानं खाकरलो. थोड्या वेळानं इवायांनी सायकलची घंटी वाजवली आणि तेही खाकरले. घरची कौलं दिसेपर्यंत आम्ही दोघं असेच, आळीपाळीनं खाकरत आलो.